एक चाक हवेत, घरदार वाऱ्यावर

ऐकलंत का? बावधन, पाषाण, बाणेर भागातली चांगल्या घरची, हप्ते वेळेवर भरणारी पुरुषमंडळी पावसाळ्यातल्या रविवारी पहाटे साडेचारला गुपचूप घराबाहेर पडतात. दुपारी परततात तेव्हा केसांपासून बुटांपर्यंत लाल चिखल, आणि चेहऱ्यावर असा काही समाधानी भाव की घरच्या माणसाला संशय यावाच. संशय अगदी खरा आहे. बाहेर प्रकरण आहे. परदेशी आहे, खर्चिक आहे, आणि गाडीच्या मागच्या एक्सलमध्ये बसलेलं आहे.

डिफ लॉक म्हणतात त्याला. पूर्वी माणसं पगार विचारायची, फ्लॅट किती चौरस फुटांचा ते विचारायची. आता एका साखरपुड्यात वरपक्षाच्या काकांनी वधूपक्षाच्या मामांना खांबाआड नेलं आणि हळूच विचारलं, "तुमच्यात ओपन आहे की लॉक?" मामा घामाघूम. "तसलं काही नाही हो आमच्या घराण्यात," म्हणाले. काकांनी अंगणातल्या थारकडे बोट दाखवलं तेव्हा कुठे मामांचा जीव भांड्यात पडला. पण पंचाईत पुढेच आहे. मामांची थार खरंच ओपन निघाली, आणि जेवणाच्या पंगतीत काका त्यांच्या शेजारी बसले नाहीत.

आता हे सगळं ज्याच्यावरून चाललंय तो डिफरन्शिअल मुळात किती सालस! वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. दोन चाकांत दीड मीटर अंतर असेल, तर एका यू-टर्नला बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे पावणेपाच मीटर जास्त धावतं. मग वळण लक्ष्मी रोडवर चिंचोळं घ्या नाहीतर मैदानात ऐसपैस. दोन्ही चाकं एकाच दांड्याला जखडलेली असती तर प्रत्येक वळणावर एकाला फरफटत जावं लागलं असतं. पेकर नावाच्या फ्रेंच घड्याळजीने १८२७ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी यावर तोड काढली, म्हणजे पेट्रोलची मोटार जन्मायच्या अर्धशतकाहून आधी. चार-पाच दातेरी चाकं एकमेकांत अशी गुंतवली की दोन्ही बाजूंना जोर सारखा, वेग मात्र ज्याचा त्याला हवा तसा.

या सालसपणानेच घात केला. डिफ म्हणजे सख्ख्या भावांची वाटणी काटेकोर करणारा बाप. एकाला जेवढं, तेवढंच दुसऱ्याला. डांबरी रस्त्यावर दोघेही कष्ट करतात, दोघांनाही भरपूर मिळतं. पण एक भाऊ खड्ड्यावर हवेत लोंबकळतोय म्हणा. हवेत फिरायला जोर कसला लागणार? जवळजवळ शून्य. मग न्यायाने दुसऱ्यालाही शून्य, जरी त्याचे पाय कातळावर घट्ट रोवलेले असले तरी. एक चाक गरगर फिरतंय, दुसरं ढिम्म, गाडी जागच्या जागी. आणि फोर बाय फोरचा रुबाब इथेच उघडा पडतो. पुढे-मागे दोन्ही डिफ ओपन असले आणि उंचसखल जागी पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकदम उचललं गेलं, तर चारही चाकांना इंजिन जोडलेलं असूनही ती तीन टन प्रतिष्ठा अडकते. शेजारून बोलेरो निओ, तीही दोनच चाकं ओढणारी पण मागचा डिफ आपोआप लॉक होणारी, सरळ निघून गेलेली लोकांनी पाहिली आहे. त्यानंतर त्या फोर बाय फोरवाल्या गृहस्थांनी क्लबच्या ग्रुपवर आठवडाभर 'गुड मॉर्निंग'सुद्धा टाकलं नाही.

तेव्हापासून पंक्तिभेद सुरू झाला, तो पेशवाईतही नसेल इतका कडक. सर्वांत वरच्या पाटावर गुरखावाले. फोर्स कंपनी आकुर्डीची, घरचीच, आणि पुढचा-मागचा दोन्ही लॉक कारखान्यातूनच येतात. दोन सीटांच्या मध्ये त्यांचे दोन दांडे. गुरखावाल्याशी कुठल्याही विषयावर बोला, दोन मिनिटांत तो त्या दांड्यांवर येतो. मर्सिडीजच्या जी-वॅगनला तर तीन लॉक, डॅशबोर्डवर ओळीने तीन बटणं. पण ती गाडी चिखलात नेणारा मालक आपल्याकडे दाखवा आणि बक्षीस मिळवा. हायलक्सवाले बटण दाबून मागचा लॉक लावतात आणि फार बोलत नाहीत, कारण त्यांनी किंमत मोजली ती इतकी की बोलायला उरलेलं नाही. नव्या थार रॉक्सच्या फोर बाय फोरमध्ये विजेवर चालणारा मागचा लॉक आला आणि जुन्या थारवाल्यांच्या घरात सुतक लागलं.

जुन्या थारवाल्यांची कहाणी मात्र खमंग आहे, जरा बसून ऐका. २०१५ पासून थारमध्ये ईटन या मूळच्या अमेरिकी कंपनीचा मेकॅनिकल लॉक मिळू लागला, ज्याला ही मंडळी लाडाने एमएलडी म्हणतात. याला बटण नाही, दांडा नाही. मागच्या दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण शंभर फेऱ्यांचा फरक पडला की आतली छोटी वजनं भिरभिरत बाहेर फेकली जातात, खिट्टी अडकते, प्लेटा दाबल्या जातात आणि दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात. ताशी तीस-बत्तीस किलोमीटरच्या वर तो लागतच नाही, म्हणजे हायवेवर धोका नाही. इतकी गुणी वस्तू! पण तिला हवा असतो सबुरीचा पाय. अलगद, एकसारखा अॅक्सिलरेटर द्यायचा, चाक थोडं फिरू द्यायचं, 'ठक' आवाजाची वाट पाहायची. आमच्या वीरांना एवढा धीर कुठला? मुळशीकडच्या एका चढावर एक चाक उचललं, बायको मोबाईलवर शूटिंग करतेय, मेहुणा शिट्टी वाजवतोय; यांनी पाय दाबला तो फरशीपर्यंत. चाक पिसाटासारखं फिरलं आणि अशा वेगात असताना लॉक लागला. ठक नाही, ठण्ण! अमेरिकेत याच जातीच्या लॉकला ट्रकवाल्यांनी 'गव्हबॉम्ब' असं टोपणनाव दिलंय ते काही प्रेमाने नाही. पुढे काय झालं ते शूटिंगमध्ये आहे, पण मेहुण्याने ते सासरच्या ग्रुपवर टाकलंय, आणि सगळं सासर कोल्हापूरचं.

मग कोणत्या मॉडेलला एमएलडी येतो, कोणत्याला काढून टाकला, कोणाला नुसता ब्रेकवाला मिळाला, यावरून जी भांडणं होतात ती जमिनीच्या वाटपालाही होत नाहीत. "ब्रेकवाला" हा शब्द ज्या तिरस्काराने उच्चारला जातो तो ऐकवत नाही. जिम्नीवाले बिचारे त्यामुळे कोपऱ्यात उभे असतात. २०२३ मध्ये ती गाडी आली, देखणी, हलकी, आणि लॉकच्या जागी ब्रेकची चलाखी. जे चाक मोकळं फिरतंय त्यालाच ब्रेक लावून धरायचं. म्हणजे त्या न्यायी बापाला वाटतं, या पोरालाही कष्ट पडताहेत. मग दुसऱ्यालाही तेवढाच जोर मिळतो. बापाची शुद्ध फसवणूक! पण चालते, हे मान्य करावं लागेल, आणि पुष्कळ चालते. अट एकच, पाय स्थिर ठेवायचा. चाक फिरलं की घाबरून पाय काढणाऱ्याला ही चलाखी कधीच कळत नाही. लांबलचक चढावर ब्रेक तापतात हाही दोष खराच. पण जिम्नीवाल्यांना इतकं छळलं गेलंय की त्यांच्यातला एक दंतवैद्य आता ऑस्ट्रेलियाहून हवेवर चालणारा लॉकर मागवतो आहे. एआरबी कंपनीचा. अमेरिकेतसुद्धा हजार डॉलरच्या पुढची वस्तू. वर आयातशुल्क, वेगळा कॉम्प्रेसर, हवेची नळी, आणि एक्सल उघडून क्राऊन-पिनियनची जुळणी नव्याने करणारा कुशल हात. एवढ्यात किती रूट कॅनॉल बसतात ते त्यांच्या पेशंटनी मोजावं.

याहून स्वस्तात उरकणाऱ्यांची गोष्ट तर कानावर हात ठेवून ऐकावी अशी. डिफच्या आतल्या गिअरांना वेल्डिंग मारायचं. झालं! कायमचा लॉक. अशी जिप्सी पार्किंगमध्ये वळवताना टायर किंचाळतात, सोसायटीच्या फरशीवर काळे पट्टे उमटतात, आणि वॉचमन नोंदवहीत लिहितो, "बी-विंग, पुन्हा तेच." त्यापेक्षा थोडा सभ्य म्हणजे आपोआप सुटणारा आणि लागणारा लॉकर. सरळ जाताना बांधलेला, वळताना बाहेरच्या चाकाला दात घसरवत पुढे जाऊ देणारा. चिखलात झकास. पण डांबरी वळणावर टक-टक-टक आवाज, आणि मध्येच अॅक्सिलरेटर दिला तर एकदम झटका घेऊन गाडी रूळ बदलल्यासारखी हलते. लांब गाडीला हे जरा सोसतं. जिप्सीसारख्या आखूड, हलक्या गाडीला अजिबात नाही. सासूबाईंना अशा गाडीतून शिर्डीला नेणाऱ्या एका जावयाने पुढे कधी दर्शनाचं नाव काढलं नाही.

आता लिमिटेड-स्लिपवाले, अर्थात एलएसडीवाले. हा संप्रदाय स्वतःला सुसंस्कृत समजतो. आमचं म्हणे घाटरस्त्याचं, चिखलाचं नाही. त्यांच्यातही दोन घराणी. जुनं घराणं प्लेटांचं: डिफच्या आत क्लचसारख्या प्लेटा, स्प्रिंगने दाबलेल्या, एक चाक पुढे पळू लागलं की घासून त्याला धरून ठेवतात. फर्डिनांड पोर्श यांच्या ऑटो युनियनच्या शर्यतीच्या गाडीचं एक चाक भलत्या वेगातही फिरायचं थांबेना, तेव्हा १९३५ मध्ये झेडएफ कंपनीकडून लिमिटेड-स्लिप डिफ करून घेतला गेला, ही कथा या संप्रदायाचे लोक श्राद्धालाही सांगतात. प्लेटा झिजतात, त्यांना खास मिसळीचं ऑइल लागतं, आणि झिजून झिजून एक दिवस तुमचा महागडा डिफ गुपचूप ओपन होऊन बसतो. तुम्ही मात्र चारचौघांत एलएसडी म्हणून मिरवत असता. दुसरं घराणं तिरप्या दात्यांच्या गिअरांचं, टॉर्सन आणि क्वेफचं. यात झिजायला प्लेटा नाहीत, झटका नाही, आवाज नाही. कमी पकड असलेल्या चाकाला जेवढा जोर सोसतो त्याच्या अडीच-तीन पट दुसऱ्याला देतो. ओल्या ताम्हिणी घाटात वळणातून बाहेर पडताना याच्यासारखं सुख नाही. मला विचाराल तर या सगळ्या बाजारातली शहाणी वस्तू हीच. पण शून्याची तिप्पट शून्यच, हे गणित ते घराणं पाहुण्यांसमोर काढत नाही. चाक पूर्ण हवेत गेलं की तिरपे दातेही हात वर करतात. मग डाव्या पायाने हलका ब्रेक दाबून त्या हवेतल्या चाकाला खोटे कष्ट द्यायचे, म्हणजे पुन्हा बापाची फसवणूकच.

व्हिस्कस म्हणून सिलिकॉन द्रवाचाही एक प्रकार असतो. त्याच्यावर चिखलातलं कुणीच भाळलेलं नाही, म्हणून चर्चा नाही.

आणि ज्याच्यासाठी एवढा आटापिटा, तो लॉक लावून माणसं करतात काय म्हणाल, तर भलत्याच जागी लावून बसतात! पावसाळ्यात घाटातल्या आडव्या उताराच्या निसरड्या वाटेवर लॉक लावला की दोन्ही चाकं एकदम फिरतात, बाजूची पकड सुटते आणि गाडीचं मागचं अंग शांतपणे दरीकडे सरकू लागतं. ओपन डिफमध्ये निदान एक चाक न फिरता जमीन धरून ठेवतं. ज्याला नावं ठेवली तो सालस डिफच इथे जीव वाचवतो. लॉक लावून वळायला जाल तर गाडी वळत नाही, सरळच जाते. पुढचा लॉक असेल तर स्टिअरिंग हातात नुसतं शोभेला. अनेक गाड्यांत लॉक लावला की एबीएस आणि घसरण थांबवणारी यंत्रणा मुद्दाम बंद केलेली असते, आणि हे मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं. मॅन्युअल ग्लव्ह बॉक्समध्ये, प्लास्टिकच्या पिशवीत, शोरूममधून आलं तसंच.

शिवाय ओपन डिफमध्ये जोर वाटला जातो. लॉकमध्ये सगळा एकाच चाकाच्या हाफ शाफ्टवर येऊ शकतो. मोठे टायर, दाबलेला पाय आणि कातळात अडकलेलं एक चाक, एवढी सामग्री जमली की तो शाफ्ट तुटतो. गॅरेजवाल्याच्या मुलीचं इंजिनीअरिंग अशा तीन-चार शाफ्टांवर निघालं असं म्हणतात. खरं-खोटं तो जाणे, पण या मंडळींना पाहिलं की तो स्वतः उठून खुर्ची देतो.

कोकण किनाऱ्याचा तर विषयच काढू नका. वाळूत गाडी रुतली की लॉक लावतात आणि दोन्ही चाकं मिळून दुप्पट वेगाने खड्डा खणतात. वाळूला लॉक लागत नाही, टायरमधली हवा काढायला लागते. पस्तीस पीएसआयवरून पंधरा-अठरावर आणली की टायर पसरतो आणि साधी गाडीसुद्धा तरंगत निघते. मुळात किनाऱ्यावर गाडी न्यायचीच नसते. गोव्यात त्यासाठी गुन्हे दाखल होतात, आणि भरतीच्या पाण्यात बुडत चाललेल्या गाडीचे फोटो दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात नंबरप्लेटसकट येतात. ऑफिसला "तब्येत बरी नाही" असा निरोप पाठवून आलेल्या माणसाने काय करावं? तीच तऱ्हा सड्यांची. सह्याद्रीच्या पठारांवर पावसाळ्यात जी नाजूक फुलं येतात त्यांच्यावरून चर पाडत जाणाऱ्याला लॉक आहे की नाही हे विचारू नये, लाज आहे का ते विचारावं.

"पण आम्ही स्पर्धेत उतरणार!" हे एक उत्तर तयार असतं. मलेशियात सुरू झालेली रेनफॉरेस्ट चॅलेंज २०१४ पासून भर पावसात गोव्यातही होऊ लागली, तिचे व्हिडिओ पाहून हे वेड वाढलं यात शंका नाही. तिथे छातीइतक्या ओढ्यांत, उभ्या दरडींवर पुढे-मागे लॉक लावलेल्या गाड्या जातात. जरा नीट पाहिलं तर दिसतं की त्या निम्मा वेळ लॉकवर जातच नाहीत. विंचच्या दोरावर जातात, आणि दोर घेऊन चिखलात धावणारा सहचालक बिचारा फोटोत येत नाही. आपली स्वारी मात्र लॉकर घेऊन आली. सहचालकाच्या जागेवर मेहुणा.

आता शेवटची बातमी, आणि ही मावळातून पक्की आलेली आहे. भाताच्या खाचराकडेला एक लाखमोलाचा लॉकवाला चौघा मित्रांसह रुतला. लॉक लावून अधिक रुतला. बांधावरून एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला, साखळी अडकवली, आणि ट्रॅक्टरचं एक मागचं चाक चिखलात फिरू लागल्यावर टाचेने कसलंसं पेडल दाबलं. दोन्ही चाकं एकत्र चालली, गाडी बाहेर. साहेबांनी अभिमानाने मागचा एक्सल दाखवला, "आमच्यात डिफ लॉक आहे." तो म्हणाला, "आमच्याबी हाय की. टाचंखाली. ट्रॅक्टरसंगंच येतो." मग जरा थांबून म्हणाला, "फकस्त वळताना सोडायचा असतोय, साहेब. तुमी धरून ठिवलावता." कितीला बसवला असं त्याने विचारलं तेव्हा पाचही जणांना एकदम फोन आले म्हणे.

उसाच्या ट्रॉल्या ओढणाऱ्या पोरांना जे टाचेखाली पाठ आहे, त्यावर इकडे शनिवारी रात्री दोन-दोन तास वाद चालतो. यातलं वेड मला कळतं, नाही असं नाही. उचललेलं चाक ठक करून शांत होतं आणि गाडी मुंगीच्या पावलांनी दगडावर चढते तेव्हा बघणाऱ्यालाही टाळी द्यावीशी वाटते. पण ज्यांचं चाक वर्षातून एकदाच, तेही सोसायटीच्या स्पीडब्रेकरवर उचललं जातं, त्यांनी आधी चांगले टायर घ्यावेत, हवेचा गेज घ्यावा, फावडं घ्यावं आणि डिफला हात लावू नये. घाटाची आवड आणि इंजिनात दम असेल तर तिरप्या दात्यांचा एलएसडी. दर महिन्याला खरंच दगडधोंड्यांत जाणाऱ्याने बटणावर किंवा दांड्यावर लागणारा आणि सुटणारा लॉक घ्यावा, आधी फक्त मागे, आणि काम झालं की तो सोडायची सवय लावून घ्यावी. आणि रोज मुलांना शाळेत सोडणाऱ्या गाडीच्या पुढच्या एक्सलला आपोआप लागणारा लॉकर बसवा असं कुणी सुचवलं, तर त्या गॅरेजमधला चहा प्या, आभार माना आणि गाडीची किल्ली खिशात ठेवूनच घरी या.